पहिल्या जबाबाआधी वकील

(जवाहरनगर येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मला आज एकच प्रश्न घेऊन तुमच्यापुढं उभं राहायचं आहे. उद्या सकाळी ठाण्यातून निरोप आला, ‘साहेबांनी बोलावलंय, बयान द्यायचंय’, तर तुम्ही कुणाला घेऊन जाल? मोठ्या भावाला? सरपंचाला? युनियनच्या पदाधिकाऱ्याला? ठाणेदाराच्या ओळखीतल्या एखाद्या पुढाऱ्याला? गेली कित्येक वर्षं मी हा प्रश्न विचारत आलो आहे आणि ‘वकिलाला’ हे उत्तर मला फार क्वचित मिळालं आहे. वकील आठवतो तो जामिनाच्या वेळी. म्हणजे कोठडीत दोन रात्री काढल्यानंतर, जे बोलायचं नव्हतं ते बोलून झाल्यानंतर.

हा प्रश्न जवाहरनगरात मांडण्याला कारण आहे. २४ जानेवारी २०२५ ची सकाळ तुम्हाला मी सांगायला नको. आयुध निर्माणीत स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. त्यांची घरं याच परिसरात आहेत, त्यांच्याबद्दल मी बाहेरच्या माणसानं अधिक बोलणं बरं नव्हे. मला बोलायचं आहे ते अशा कोणत्याही अपघातानंतर मागं उरणाऱ्या माणसांबद्दल. कारखान्यातला अपघात असो, बॉयलरचा असो की खाणीतला, दुसऱ्या दिवसापासून जबाब सुरू होतात. खात्याचा चौकशी अधिकारी वेगळा, कारखाना निरीक्षक वेगळा, पोलीस वेगळे. समोर बसलेला कामगार दोन रात्री झोपलेला नसतो. आदल्याच दिवशी त्यानं सोबत्याच्या तिरडीला खांदा दिलेला असतो. त्याला विचारलं जातं, त्या वेळी मशीनवर कोण होतं? तापमान कुणी बघितलं? सूचना कुणी दिली होती? तुला माहीत होतं तर तू सांगितलं का नाहीस?

हा माणूस साक्षीदार आहे की संशयित? त्याला ते ठाऊक नसतं. अनेकदा विचारणाऱ्या अधिकाऱ्याचंही तोवर ठरलेलं नसतं. ते ठरतं याच्या उत्तरांवरून. आणि ती उत्तरं तो एकटा देत असतो.

कायदा काय म्हणतो? पोलीस माणसाला तीन नात्यांनी बोलावतात. साक्षीदार म्हणून बोलावतात तेव्हा लेखी आदेश लागतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९. बाईला, साठ वर्षांवरच्या पुरुषाला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला, अपंगाला, गंभीर आजारी माणसाला साक्षीदार म्हणून ठाण्यात यायची सक्तीच करता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं. दुसरं नातं संशयिताचं. अटक न करता हजर राहण्याची नोटीस देतात, कलम ३५ ची. ही नोटीस मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपनं पाठवली तर ती बजावली असं धरता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. तिसरं नातं अटकेचं. तिथं चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढं उभं करावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं. अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची, तीही कोठडीसाठी उभं करण्याच्या निदान दोन तास आधी, हे तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांच्या पीठानं नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्याच महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात ठरवून दिलं.

या तिन्हींत न बसणारं एक चौथं नातं आपल्याकडं चालतं. ‘त्याला ठाण्यात बसवून ठेवलंय.’ सकाळी बसवलं, संध्याकाळी बसवलं, रात्री ‘उद्या या’ म्हणून सोडलं. डायरीत नोंद नाही, नोटीस नाही, अटक नाही. मित्रहो, असं नातं कायद्यात नाही. एक तर तुम्ही अटकेत आहात, म्हणजे चोवीस तासांचं घड्याळ सुरू झालं. नाही तर तुम्ही मोकळे आहात, म्हणजे उठून घरी जाऊ शकता. कुणाच्या तरी तोंडून हे वाक्य त्या खोलीत उच्चारलं जायला हवं. बसवलेला माणूस ते उच्चारू शकत नाही, त्याचे हातपाय गळालेले असतात. त्याच्यासाठी ते वकिलानं म्हणायचं असतं.

आता एका वर्षाकडं चला. वर्ष १९७८.

नंदिनी सत्पथी हे नाव इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री. सप्टेंबर १९७७ मध्ये त्यांना कटकच्या दक्षता पोलीस ठाण्यात बोलावलं गेलं, लेखी प्रश्नांची लांबलचक यादी पुढं ठेवली गेली. त्यांनी उत्तरं द्यायला नकार दिला. उत्तर देत नाही हाच गुन्हा म्हणून त्यांच्यावर खटला भरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ७ एप्रिल १९७८ रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही, हे संविधानाचं २० (३) कलम. ते न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर सुरू होतं असं नाही, ते पोलिसांच्या पहिल्या प्रश्नापासून लागू आहे, असं त्यांनी सांगितलं. पुढं असंही सांगितलं की चौकशीच्या वेळी वकील जवळ असावा अशी मागणी कुणी केली तर ती नाकारू नये. वकिलानं अशिलाच्या वतीनं उत्तरं द्यायची नाहीत, पण धाकदपटशा होत असेल तर हरकत घ्यायची. आणि एका बाईला ठाण्यात बोलावलंच कसं, असंही न्यायालयानं सुनावलं.

केवढा मोठा निकाल! आता त्याच वर्षातला सप्टेंबर बघा.

आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्याची हद्द संपली की देसाईगंज येतं, वडसा. आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. २६ मार्च १९७२ ची रात्र. मोलमजुरी करणाऱ्या एका आदिवासी मुलीला तिच्या भावानं दिलेल्या तक्रारीवरून जबाब द्यायला तिथल्या ठाण्यात आणलं गेलं. जबाब झाले, रात्रीचे साडेदहा वाजले. सोबतच्या माणसांना जायला सांगितलं आणि मुलीला थांबवून घेतलं. ठाण्याच्या आवारात तिच्यावर बलात्कार झाला. आरोपी ठाण्यातलेच दोन पोलीस. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयानं १५ सप्टेंबर १९७८ रोजी पुन्हा सोडलं. तिनं आरडाओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, तेव्हा तिची संमती होती, असा तो तर्क.

एप्रिलमध्ये देशाचं सर्वोच्च न्यायालय सांगतं की चौकशीच्या खोलीत माणूस एकटा असला की भीतीनं दबतो, म्हणून त्याच्याजवळ वकील हवा. सप्टेंबरमध्ये तेच न्यायालय विचारतं की ही मुलगी ओरडली का नाही? माजी मुख्यमंत्र्यांचं दडपण न्यायालयाला दिसलं. मजूर मुलीचं दिसलं नाही. पुढल्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी न्यायालयाला खुलं पत्र लिहिलं, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार हा वेगळा, अधिक कडक शिक्षेचा गुन्हा झाला. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या एका मजूर मुलीमुळं भारताचा कायदा बदलला, हे इथल्या शाळेतल्या मुलींना कुणी सांगतं का?

मी या दोन गोष्टी शेजारी ठेवतो त्याचं कारण सांगतो. देसाईगंजची मुलगी आरोपी नव्हती. ती जबाब द्यायला आली होती. ठाण्यात वकील हवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं चोर, दरोडेखोर येतात. फिर्यादीलाही वकील हवा असतो, साक्षीदारालाही हवा असतो. खैरलांजी तर आपल्याच जिल्ह्यातलं. सुरेखा भोतमांगे एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदार होत्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्यातले आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी त्या माउलीचा, मुलीचा आणि दोन मुलांचा खून झाला. आरोपींच्या बाजूनं वकील उभा होता, म्हणून तर जामीन झाला. साक्षीदाराच्या बाजूनं त्या दिवशी कोण उभं होतं? ‘या कुटुंबाला धोका आहे, आधी संरक्षण द्या’ असं कोर्टात, ठाण्यात, कुठंही म्हणणारं कोण होतं?

बरं, नंदिनी सत्पथींच्या निकालानं वाट उघडली ती तशीच रुंद राहिली का? नाही राहिली. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अटकेसंबंधी अकरा सूचना दिल्या. फार मोलाच्या सूचना आहेत त्या. पण वकिलाबद्दलची सूचना अशी आली की अटक झालेल्याला चौकशीदरम्यान वकिलाला भेटू द्यावं, मात्र संपूर्ण चौकशीभर नाही. पुढं हेच शब्द फौजदारी प्रक्रिया संहितेत ४१-ड म्हणून गेले आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेच्या कलम ३८ मध्ये जसेच्या तसे आले. ‘संपूर्ण चौकशीभर नाही.’ मग किती वेळ? दहा मिनिटं? अर्धा तास? सुरुवातीला की शेवटी? ऐकू येईल इतक्या अंतरावर की काचेपलीकडून? कायदा गप्प आहे. आणि कायदा जिथं गप्प असतो तिथं टेबलापलीकडचा माणूस बोलतो.

त्याहून मोठी फट मला दुसरीकडं दिसते. कलम ३८ चे शब्द आहेत, अटक करून चौकशी केली जाते तेव्हा. म्हणजे जो अटकेत आहे त्याला वकील भेटण्याचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे आणि जो नुसत्या नोटिशीवर किंवा साक्षीदार म्हणून आला आहे त्याला तो लिहिलेला नाही. त्यानं १९७८ च्या निकालावर बोट ठेवून भांडायचं. ज्याचं भवितव्य त्या खोलीत ठरायचं आहे, त्याचाच हात कायद्यानं सोडलेला आहे. हे चुकीचं आहे, आणि हे दुरुस्त व्हायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुरुस्त करता येतं का? इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्यानं अटक झालेल्या प्रत्येकाला ठाण्यात मोफत वकिली सल्ला दिला, मिळकत न विचारता. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये मात्र २०१० पर्यंत पोलीस सहा तास वकिलाविना चौकशी करू शकत. ऑक्टोबर २०१० मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं ते मोडीत काढलं आणि स्कॉटलंडच्या संसदेनं काही दिवसांत कायदा बदलला. तिथले पोलीस काही निकामी झाले नाहीत.

संविधानात पाहायचं तर कलम २२ (१) म्हणतं की अटक झालेल्या माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि त्याच्याकडून बचाव करून घेण्याचा हक्क नाकारता येणार नाही. संविधान सभेत १५ सप्टेंबर १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे कलम आणलं. आधीच्या मसुद्यात व्यक्तिस्वातंत्र्याला पुरेसं कुंपण उरलेलं नाही, ही टीका त्यांनी मनावर घेतली होती. त्याच बाबासाहेबांनी १९५४ मध्ये आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते पराभूत झाले. भंडाऱ्यानं त्यांना तेव्हा निवडून दिलं नाही. त्यांनी दिलेलं कलम तरी भंडाऱ्यानं वापरावं, एवढं मी आज मागतो.

वापरायला आडवी काय येते? एक म्हण आडवी येते. ‘कर नाही त्याला डर कशाला?’ वकील घेऊन गेलं तर साहेबांना वाटेल की याच्या मनात काळंबेरं आहे. मित्रहो, तुम्ही दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणारी माणसं. आत शिरताना काडीपेटी बाहेर ठेवावी लागते. तीस वर्षं नोकरी झालेला ठेवतो, कालचा कंत्राटी ठेवतो, अधिकारी ठेवतो. कुणाला त्यात आपल्यावरचा संशय दिसतो का? आत धोका आहे म्हणून तो नियम सगळ्यांना. चौकशीच्या खोलीचंही तसंच समजा.

आणि तो धोका खरा आहे. नागपुरात जून १९९३ मध्ये जॉइनस नावाच्या माणसाला एका दरोड्याच्या संशयावरून पोलिसांनी उचललं. मारहाणीनंतर तो कोठडीत मेला. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोषी पोलिसांची शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांवर नेली. पंचवीस वर्षं लागली! नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगलीत अनिकेत कोथळेचा कोठडीत मृत्यू झाला आणि त्याचा मृतदेह आंबोलीच्या घाटात नेऊन जाळला गेला. या खोल्यांत त्या वेळी एक काळा कोट बसलेला असता तर? मला तरी वाटतं, दोघंही घरी परतले असते.

यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. वकील शेजारी बसवला तर गुन्हेगार तोंड उघडणार कसा? बॉम्बस्फोट करणाऱ्यालाही वकील द्यायचा का? माझं उत्तर, द्यायचा, आणि तो बळी पडलेल्यांच्या घरच्यांसाठीही द्यायचा. ११ जुलै २००६ ला मुंबईच्या लोकलमध्ये १८० हून अधिक माणसं मारली गेली. विशेष न्यायालयानं २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवलं, त्यात मोक्काखाली पोलीस अधिकाऱ्यांपुढं नोंदवलेल्या कबुलीजबाबांचा मोठा आधार होता. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं त्या कबुलीजबाबांवर विश्वास ठेवायला नकार दिला आणि सगळ्यांना निर्दोष सोडलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे, हा निकाल इतरत्र दाखला म्हणून वापरायला तिथं स्थगिती आहे. अंतिम काय ते तिथं ठरेल. पण एकोणीस वर्षांनंतर मृतांच्या नातेवाइकांच्या हातात काय आहे? बंद खोलीतला जबाब कोर्टात टिकला नाही तर सगळा तपास कोसळतो. वकिलासमोर झालेली चौकशी, कॅमेऱ्यासमोर झालेली चौकशी टिकते. प्रामाणिक पोलिसाला वकिलाचा उपयोगच आहे. उद्या कुणी त्याच्यावर खोटा आरोप केला तर साक्षीला माणूस आहे. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात, चौकशीच्या खोलीतसुद्धा, सीसीटीव्ही लावा असं सांगितलं, ते याचसाठी.

आता पैशाचं. ‘वकील परवडतो कुणाला?’ हा प्रश्न मला गावोगाव विचारतात आणि त्याचं उत्तर देताना मला फार बरं वाटतं, कारण ते उत्तर चांगलं आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२. स्त्री असेल, बालक असेल, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती असेल, अपंग असेल, कोठडीतली व्यक्ती असेल, तर मिळकत किती हे न विचारता सरकारी खर्चानं वकील मिळतो. आणि नीट ऐका, त्याच यादीत औद्योगिक कामगार आहे. म्हणजे या सभागृहातले बहुतेक जण! जिल्हा विधी सेवा प्राधिकरण भंडाऱ्याला जिल्हा न्यायालयात आहे. फोनवरचा क्रमांक १५१००. राष्ट्रीय प्राधिकरणानं २०१९ मध्ये ठरवलेल्या पद्धतीनुसार ही मदत अटकेच्याही आधी, ठाण्यात बोलावलं तेव्हापासून मिळायची असते. तुम्ही फोन करेपर्यंत मात्र ती येत नाही.

इथं शीला बारसे यांचं नाव घेतलंच पाहिजे. मुंबईच्या पत्रकार. मे १९८२ मध्ये त्यांनी मुंबईच्या तुरुंगात पंधरा कैदी स्त्रियांशी बोलून पाहिलं, त्यांतल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १५ फेब्रुवारी १९८३ ला न्यायमूर्ती भगवतींनी महाराष्ट्रासाठी आदेश दिले. त्यातला एक असा, की कुणालाही अटक करून कोठडीत आणलं की पोलिसांनी लगेच जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवायचं. चाळीस वर्षं उलटून गेली. आदेश महाराष्ट्रासाठी होता, आपण महाराष्ट्रातच राहतो, आणि कोठडीतल्या किती जणांसाठी असा फोन जातो ते कुठल्याही फौजदारी वकिलाला विचारून बघा.

वकील येईपर्यंत काय करायचं तेही थोडक्यात सांगतो. नाव, पत्ता, ओळख सांगा, उर्मटपणा करू नका. जाण्याआधी कागद मागा, नोटीस वा लेखी आदेश. ती नोटीस फोनमध्ये टिपून घरच्यांना पाठवा. ‘वकील आल्यावर उत्तर देतो’ हे शांतपणे सांगा आणि शक्य तर लिहून द्या. खोटं अजिबात बोलू नका. साक्षीदारानं उत्तर खरंच द्यायचं असतं, मात्र जे उत्तर स्वतःलाच गुन्ह्यात गोवेल ते द्यायची सक्ती नाही. आणि तपासात पोलिसांनी उतरवलेल्या जबाबावर सही करायची नसते, हे कलम १८१ सांगतं. खात्याच्या चौकशीतल्या जबाबावर सही घेतात, पोलिसांच्या जबाबावर नाही. हे दोन कागद कामगारानं कधीही एक समजू नयेत. कोऱ्या कागदावर तर कुठंच सही करू नये.

शेवटी माझ्या मागण्या. भंडारा आणि नागपूरच्या वकील मित्रांनी आठवड्यातल्या प्रत्येक रात्रीसाठी एक नाव ठरवावं, जे जवाहरनगर ठाण्यातून वा घरून फोन आला तर निघेल. युनियनच्या कार्यालयात ती यादी भिंतीवर लागावी. ठाण्याच्या दर्शनी भागात १५१०० हा क्रमांक मराठीत, ठळक अक्षरांत लिहिला जावा, यासाठी ठाणेदार साहेबांना आपण सगळ्यांनी मिळून निवेदन देऊ. आमदार-खासदार मतं मागायला येतील तेव्हा कलम ३८ मधले ‘संपूर्ण चौकशीभर नाही’ हे शब्द काढून टाकायला आणि नोटिशीवर आलेल्या माणसालाही त्या कलमात घ्यायला ते संसदेत काय करणार, हे त्यांना विचारा. आणि आज घरी गेल्यावर तो क्रमांक मोबाइलमध्ये जतन करून ठेवा, स्वतःच्याही आणि घरातल्या बाईच्याही.